गाडीला झळाळी देणारा संशोधक

मे महिन्यात नागपुरात गाडी उघड्यावर उभी करणे म्हणजे तिच्या रंगाची परीक्षाच घेणे होय. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, पत्रा हात लावू नये इतका तापतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आणि रस्त्यांवरची धूळ बॉनेटवर साचते. सकाळी घाईघाईने कोरड्या फडक्याने ती पुसली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटतात. त्यात बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात ते निराळेच. असे दोन-तीन उन्हाळे गेले की हौसेने घेतलेली गाडी निस्तेज दिसू लागते आणि मालक वर्धा रोड किंवा कामठी रोडवरील एखाद्या गॅरेजची वाट धरतो. तेथे रबिंग होते, कंपाउंड लागते, बफिंगचे यंत्र फिरते आणि संध्याकाळपर्यंत गाडीत पुन्हा चेहरा दिसू लागतो.

या गॅरेजांमध्ये आणि फर्निचरच्या कारखान्यांत एक शब्द सर्रास ऐकू येतो - ड्युको. फवारणीने दिलेल्या, झटपट वाळणाऱ्या आणि घासून चकाकणाऱ्या रंगकामाला आपल्याकडे ड्युको म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द मुळात एका अमेरिकन रंगाचे व्यापारी नाव होते. हा रंग मोटारीच्या अंगावर यावा, यासाठी ज्या माणसाने आपल्या कंपनीला अक्षरशः वेठीस धरले, त्याचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. बटण दाबून गाडी सुरू करण्याची सोय त्यांनीच जगाला दिली. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा उद्योगही त्यांच्याच प्रयोगशाळेतून निघाला. एकाच आयुष्यात इतके उपकार आणि इतका अपकार क्वचितच एकत्र आला असेल.

शेतकऱ्याचा अधू डोळ्यांचा मुलगा

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात लाउडनव्हिल या गावाजवळच्या एका शेतावर झाला. इकडे नागपुरात त्यानंतर चारच महिन्यांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाडच्या कापसाला गिरणीची वाट मिळाली ती तेव्हा. कापसाचा आणि केटरिंग यांचाही पुढे संबंध येणार होता, पण तो अगदी वेगळ्या कारणाने.

घर साधे, शेतीवर चालणारे. मुलगा हुशार होता, परंतु त्याची दृष्टी लहानपणापासून कमकुवत होती. थोडे वाचले तरी डोके ठणकू लागे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी खेड्यातील शाळेत शिक्षकी केली आणि पैसे साठवून ओहायो राज्य विद्यापीठात अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. डोळ्यांनी पुन्हा दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मधल्या काळात टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या आणि तारा ओढणाऱ्या टोळीत त्यांनी काम केले. लवकरच ते त्या टोळीचे मुकादम झाले. खड्डे खणता खणता प्रकृती सुधारली आणि विजेची ओढ पक्की झाली. ते पुन्हा विद्यापीठात परतले. सहाध्यायी पुस्तके मोठ्याने वाचत आणि केटरिंग ऐकून लक्षात ठेवत. अशा रीतीने १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते विद्युत अभियंता झाले. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी मिळताच डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत त्यांना नोकरी लागली. दुकानदाराच्या गल्ल्यावरचे यंत्र तोवर हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर जोडली. ही मोटर दिवसभर चालायची नव्हती. क्षणभर जोर लावून थांबायचे, एवढेच तिचे काम होते. त्यामुळे ती आकाराने लहान ठेवता आली. गल्ल्याच्या यंत्रातला हा साधा विचार पुढे मोटार उद्योगाला नवे वळण देणारा ठरला.

दांड्याच्या जागी बटण

कंपनीतील वरिष्ठ एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या धान्याच्या कोठारात केटरिंग आणि त्यांचे सहकारी नोकरीनंतरच्या वेळेत मोटारीच्या विद्युत यंत्रणेवर प्रयोग करीत असत. त्यातूनच १९०९ मध्ये डेल्को ही कंपनी उभी राहिली. त्यांची सुधारित इग्निशन यंत्रणा कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांना पसंत पडली आणि पहिलीच मागणी आठ हजार संचांची आली.

त्या काळी मोटार सुरू करायची म्हणजे पुढच्या बाजूचा लोखंडी दांडा जोर लावून फिरवावा लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे, जबडा फुटे. लेलँड यांचा एक स्नेही अशाच अपघातानंतर दगावला आणि त्या दुःखातून त्यांनी या दांड्याचा बंदोबस्त करण्याचे ठरविले, असे सांगितले जाते. तज्ज्ञांचे म्हणणे असे की, इंजिन फिरवू शकेल एवढी विजेची मोटर गाडीत मावणारच नाही. केटरिंग यांना मात्र गल्ल्याचे यंत्र आठवले. इंजिन सुरू होण्यापुरता क्षणभर जोर लावणारी मोटर लहान असली तरी चालणार होती. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या विजेच्या स्टार्टरसह बाजारात आल्या. चालकाला बलदंड असण्याची गरज उरली नाही आणि स्त्रियांसाठीही मोटार चालविणे सोपे झाले.

पहिल्या महायुद्धात केटरिंग यांनी अमेरिकन सैन्यासाठी वैमानिकाविना उडणारा बॉम्ब तयार केला. १९१८ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या, परंतु प्रत्यक्ष युद्धात तो वापरला गेला नाही. दरम्यान डेल्को विकली गेली आणि ती जनरल मोटर्सच्या छत्राखाली आली. १९२० पासून केटरिंग या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. १९४७ पर्यंत, म्हणजे तब्बल २७ वर्षे, ती जबाबदारी त्यांनी सांभाळली.

रंगापायी अडलेली गाडी

केटरिंग जनरल मोटर्समध्ये आले, तेव्हा मोटारींच्या उत्पादनाला एका विचित्र अडचणीने ग्रासले होते. इंजिन, चाके, सांगाडा हे सारे झपाट्याने तयार होई, पण गाडी रंगापाशी अडून राही. मोटारीला रंग देण्याची पद्धत घोड्याच्या बग्गीकडून आलेली होती. जवसासारख्या तेलांत मिसळलेले रंग आणि वॉर्निश ब्रशने लावायचे, वाळू द्यायचे, घासायचे, पुन्हा लावायचे. तेलाचा रंग हवेतील प्राणवायू हळूहळू शोषून घट्ट होतो, त्यामुळे प्रत्येक थराला दिवसच्या दिवस लागत. एका गाडीचे रंगकाम आठवडे खाई आणि चांगल्या प्रतीच्या गाडीला महिन्याहून अधिक काळ लागे.

हिशेब सोपा होता. रोज हजार गाड्या बनवायच्या आणि प्रत्येकीला रंगासाठी तीन आठवडे द्यायचे, तर कामाचे दिवस धरून अठरा हजार सांगाडे सतत छपराखाली वाळत ठेवावे लागणार. तेवढी जागा कोठून आणायची? हेन्री फोर्ड यांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. भट्टीत लवकर वाळणारा स्वस्त काळा रंग त्यांनी निवडला आणि १९१४ ते १९२५ या काळात त्यांची टी मॉडेल गाडी फक्त काळ्या रंगात मिळे. रंगीबेरंगी गाड्या विकून फोर्ड यांना मागे टाकू पाहणाऱ्या जनरल मोटर्सला तो मार्ग मोकळा नव्हता. शिवाय एवढे सोसून लावलेला वॉर्निशचा रंग उन्हापावसात फार काळ टिकतही नसे.

केटरिंग यांनी रंगतज्ज्ञांची बैठक बोलावली. काम किती लवकर होऊ शकेल, यावर बराच खल झाला. ३७ दिवसांचे काम फार तर ३० दिवसांवर आणता येईल, असे तज्ज्ञांनी सांगितले. केटरिंग यांनी एका तासाची मागणी केली. रंग वाळायला वेळ लागतोच, हे उत्तर त्यांना मान्य नव्हते. वेळ का लागतो, हे कोणी सांगत नव्हते. गल्ल्याच्या यंत्रापासून तो त्यांचा स्वभावच होता. अशक्य म्हणणाऱ्यांमध्ये जाणकारच अधिक असतात, याचा अनुभव त्यांनी स्टार्टरच्या वेळी घेतला होता.

पुढची हकीकत त्यांच्या चरित्रांत आवर्जून सांगितली जाते. न्यूयॉर्कमधील एका दुकानाच्या काचेमागे त्यांना चकचकीत रंगाचा एक छोटा लाकडी ट्रे दिसला. तो विकत घेऊन त्यांनी रंगाचा माग काढला. न्यू जर्सीतील एका लहानशा जागेत तो बनत होता. हा होता नायट्रोसेल्युलोज लॅकर. अडचण अशी की, तो इतका झटपट वाळे की मोटारीच्या दारावर फवारेपर्यंत फवाऱ्यातच कोरडा होई.

कापूस, बारूद आणि रंग

नायट्रोसेल्युलोज तयार होतो तो कापसापासून. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की त्यापासून स्फोटक बनते. तेच प्रमाण बदलून वापरले की सिनेमाची फिल्म होते, आणि द्रावकात विरघळवले की लॅकर मिळते. ड्युपाँ ही कंपनी पहिल्या महायुद्धात अशा बारुदाची प्रचंड उत्पादक होती. युद्ध संपले आणि त्या अवाढव्य कारखान्यांना नवे काम हवे होते. शिवाय जनरल मोटर्सच्या भांडवलात ड्युपाँचा मोठा वाटा होता. दोन्ही घरांचे हित जुळले.

लॅकरची मुख्य उणीव अशी होती की, दाट केले तर फवारता येत नसे आणि पातळ केले तर रंगाचे प्रमाण फारच कमी राही. थरावर थर चढवीत बसावे लागे. १९२० च्या जुलैमध्ये ड्युपाँच्या प्रयोगशाळेत एका रासायनिक क्रियेचा शोध लागला आणि त्यातून असे लॅकर तयार करणे शक्य झाले, ज्यात पातळपणा राखूनही रंगद्रव्य भरपूर मिसळता येई. त्यानंतर जनरल मोटर्स आणि ड्युपाँचे रसायनतज्ज्ञ सुमारे तीन वर्षे या कामात गुंतले होते. पत्र्याला धरून राहणारा प्रायमर, योग्य वेगाने उडून जाणारी द्रावके, उन्हात न फिकटणारी रंगद्रव्ये अशा एकेक अडचणी सोडविण्यात आल्या. १९२३ मध्ये ड्युको हे नाव पुढे आले आणि त्याच वर्षी ओकलंड ही निळ्या रंगाची गाडी १९२४ चे मॉडेल म्हणून ड्युकोसह बाजारात आली. १९२५ पर्यंत जनरल मोटर्सच्या सर्व गाड्यांवर हा रंग चढला. आठवड्यांचे काम तासांवर आले.

एका जुन्या वळणाच्या रंगतज्ज्ञाला केटरिंग यांनी जेवायला बोलावले आणि जेवण होईस्तोवर त्याच्या गाडीचा रंगच बदलून टाकला. बाहेर आलेल्या पाहुण्याला स्वतःची गाडी ओळखता आली नाही, अशी एक आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्या दिवसांत रंगकामगारांच्या डोळ्यांसमोर काय घडत होते, याचे चित्र मात्र ती नेमके उभे करते. वर्षानुवर्षे कमावलेले ब्रशचे कसब फवाऱ्यापुढे निरुपयोगी ठरले होते.

ड्युकोचे श्रेय एकट्या केटरिंग यांचे नाही. रसायन ड्युपाँचे होते आणि परिश्रम अनेकांचे. मात्र महिन्याचे काम तासात व्हायला हवे, ही अट घालून ती अखेरपर्यंत न सोडणारा माणूस तेच होते.

चकाकी येते कोठून

ड्युकोला एक खोड होती. फवाऱ्यातून उतरलेला हा रंग मंद दिसे. त्याला झळाळी येई ती घासल्यावर. तेलाचा रंग रासायनिक क्रियेने घट्ट होतो, तर लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतो. त्याचा पृष्ठभाग वाळताना काहीसा खडबडीत राहतो. बारीक पॉलिश पेपर, मग घासणारी पेस्ट आणि शेवटी मऊ कापड अशा क्रमाने तो सपाट केला की त्यावर पडणारा प्रकाश विखुरत नाही, आरशासारखा सरळ परततो. डोळ्याला चकाकी म्हणून दिसते ती हीच सपाटी. लॅकर जुना होऊन निस्तेज झाला तरी वरचा मेलेला थर घासून काढला की खाली ताजा रंग असे. रबिंग-पॉलिशचा धंदा गॅरेजांमध्ये फोफावला तो या गुणामुळे.

आजच्या गाड्यांवर लॅकर नसतो. खाली रंगाचा थर आणि वर पारदर्शक क्लिअर कोट, अशी पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. हा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. चकाकी मात्र अजूनही त्याच तत्त्वाने येते. जाणता कारागीर आधी गाडी धुऊन, चिकटलेली घाण काढून घेतो. शक्य असल्यास मापकाने रंगाची जाडी तपासतो. मग लोकरीच्या किंवा फोमच्या पॅडवर कंपाउंड घेऊन यंत्र सतत हलते ठेवतो. यंत्र एकाच जागी रेंगाळले की उष्णतेने थर जळतो, कडांवर तर पाहता पाहता पत्रा उघडा पडतो. नखाला लागणारा खोल ओरखडा पॉलिशने जात नाही, त्याला टच-अपच लागतो. दर पॉलिशमागे थोडा थर खर्ची पडतो आणि तो परत येत नाही. म्हणूनच दर दोन महिन्यांनी बफिंग करून घेणारा हौशी मालक आपल्याच गाडीचे आयुष्य कमी करीत असतो. पॉलिश क्वचित, वॅक्स वेळोवेळी आणि धुणे भरपूर पाण्याने, हा साधा नियम नागपूरच्या उन्हाळ्यात अधिकच लागू पडतो.

एक अपयश आणि एक विष

केटरिंग यांच्या वाट्याला यशच आले असे नाही. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पत्र्यांचे इंजिन हा त्यांचा आवडता प्रकल्प होता. १९२३ मध्ये शेव्हरोलेने ते गाडीत बसविले. गाड्या तापू लागल्या, तक्रारी वाढल्या आणि विकलेल्या गाड्या परत मागवाव्या लागल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांना थांबवून घेतले. ड्युको बाजारात आला तो याच वर्षी, हे विशेष.

पण याच काळात घडलेली दुसरी गोष्ट अपयशाहून कितीतरी गंभीर होती. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून होणारा खडखडाट थांबवायचा कसा, या प्रश्नावर केटरिंग यांचे सहकारी थॉमस मिजली शोध घेत होते. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांना उत्तर मिळाले - टेट्राइथिल लेड. चिमूटभर शिसे आणि खडखडाट बंद. अल्कोहोल मिसळूनही तोच परिणाम साधतो, हे केटरिंग आणि मिजली या दोघांनाही ठाऊक होते आणि भविष्यातील इंधन म्हणून त्यांनी त्याचा पुरस्कारही केला होता. परंतु अल्कोहोल कोणीही गाळू शकत होता, त्यावर मक्तेदारी मिळणार नव्हती. शिशाच्या संयुगावर ती मिळत होती. १९२३ पासून डेटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले. १९२४ मध्ये इथिल कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि केटरिंग त्याचे अध्यक्ष झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट अवस्थेत मरण पावले. अन्य कारखान्यांतही बळी गेले. गदारोळ झाला आणि विक्री तात्पुरती थांबवण्यात आली. १९२५ च्या मे महिन्यात सरकारी परिषद भरली. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासक डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी शिशाच्या धोक्याविषयी स्पष्ट इशारा दिला. उद्योगाच्या बाजूने केटरिंग आणि त्यांचे सहकारी उभे होते. पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला आणि विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक दशके जगभरातील मुलांच्या रक्तात हे शिसे उतरत राहिले. शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते, हे आज निर्विवाद आहे. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. जगातून शिसेयुक्त पेट्रोलची शेवटची विक्री थांबली ती अल्जीरियात, २०२१ मध्ये.

घरातील शीतकपाटात विषारी वायू वापरला जाऊ नये, म्हणून १९३० च्या सुमारास मिजली आणि सहकाऱ्यांनी फ्रिऑन वायू शोधला, तोही केटरिंग यांच्याच सांगण्यावरून. माणसाला निरुपद्रवी असलेला हा वायू आकाशातील ओझोनचा थर विरळ करतो, हे कळायला आणखी चार दशके जावी लागली. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्यात आला. याबाबतीत केटरिंग यांना दोष देता येत नाही. तेव्हा कोणालाच ते माहीत नव्हते. शिशाचे मात्र तसे नव्हते. शिसे विष आहे, हे शतकानुशतके ठाऊक होते.

उत्तरार्ध

तीसच्या दशकात केटरिंग यांनी आपले लक्ष डिझेल इंजिनाकडे वळविले. त्यांच्या चमूने घडविलेल्या हलक्या, टू-स्ट्रोक इंजिनावर धावलेली झेफर ही आगगाडी १९३४ च्या मे महिन्यात डेन्व्हरहून शिकागोला एका दमात पोहोचली आणि वाफेच्या इंजिनांचे दिवस भरले. भारतीय रेल्वेनेही १९६२ मध्ये जनरल मोटर्सची डिझेल इंजिने आयात केली होती.

संपत्ती भरपूर आली, तशी ती त्यांनी खर्चही केली. गवत हिरवे का असते, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने त्यांना झपाटले होते. सूर्यप्रकाश साठविण्याची पानाची किमया उलगडली तर माणसाची इंधनाची चिंता मिटेल, असा त्यांचा होरा होता. त्यासाठी त्यांनी प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनाला वर्षानुवर्षे पैसा पुरविला. १९४५ मध्ये स्लोन यांच्या देणगीतून न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. उद्योगातील संशोधनाची शिस्त वैद्यकात आणण्याची जबाबदारी केटरिंग यांनी उचलली. स्लोन-केटरिंग हे नाव आज कर्करोगाच्या रुग्णांना जगभर परिचित आहे. दुर्दैव असे की, पुढच्याच वर्षी पत्नी ऑलिव्ह यांचे कर्करोगाने निधन झाले.

१९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्युपाँची जनरल मोटर्समधील भागीदारी मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरविली. गाड्यांना लागणारे रंग आणि कापड ड्युपाँकडूनच घेतले जाण्यामागे ही भागीदारी आहे, हाच त्या खटल्याचा गाभा होता. ज्या घरोब्यातून ड्युको जन्मला, तो असा कायद्याने मोडला. वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, डेटन येथे वयाच्या ८२ व्या वर्षी केटरिंग यांचे निधन झाले. त्यांच्या घराभोवतीच्या वस्तीने त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव घेतले होते. आज ते ओहायोतील एक शहर आहे.

नागपूरशी धागा

ज्या १९५८ साली केटरिंग गेले, त्याच साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नीरी, असे झाले. देशातील शहरांच्या हवेत काय काय मिसळले आहे, याचे मोजमाप करण्याचे काम या संस्थेने दशकानुदशके केले. तसेच कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली आणि २०२३ मध्ये विद्यापीठ झालेली एलआयटी ही संस्था याच शहरात रंगतंत्रज्ञानाचे शिक्षण देत आली आहे. एक संस्था रंग घडवायला शिकवते, दुसरी धुराचे मोजमाप घेते. केटरिंग यांच्या आयुष्याच्या दोन्ही बाजू नागपुरात काही किलोमीटरच्या अंतरावर नांदत आहेत.

त्यांनी बाजूला सारलेले अल्कोहोलही परतले आहे. २०१४ मध्ये नागपूरच्या रस्त्यांवर इथेनॉलवर चालणारी बस प्रायोगिक तत्त्वावर धावली आणि आता तर देशभरातील पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जात आहे. या मिश्रणाविषयी वाहनधारकांच्या मनात शंका आहेत आणि त्यांवर वादही झडत आहेत. तथापि शंभर वर्षांपूर्वी हा मार्ग उपलब्ध होता, हे विसरता येत नाही.

गॅरेजमध्ये तोंडाला फडके बांधून थिनरच्या वासात फवारा मारणारा पोरगा केटरिंग यांना ओळखत नाही. त्याला ओळखण्याचे कारणही नाही. मात्र फवाऱ्यातल्या आजच्या रंगांतील हार्डनर श्वासाबरोबर गेल्यास दमा जडू शकतो आणि साधे फडके त्याला अडवत नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. त्याच्या मालकाने त्याला योग्य मुखवटा द्यायला हवा आणि गाडी चकाकवून नेणाऱ्या ग्राहकानेही दोन शब्द विचारायला हवेत. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कामगारांबाबत हे विचारणारे फार थोडे होते. त्या मौनाची किंमत पुढे साऱ्या जगाने मोजली.